शेऱ्याचा रकाना

आमच्या कार्यालयात विहिरीला कोरडं पडायची परवानगी नव्हती. असा लेखी आदेश कुणी काढला नव्हता, कुणी काढणारही नाही. पण भूजलाच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या खोलीत मी कंत्राटी टायपिस्ट म्हणून बसायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. निरीक्षणाच्या विहिरी ठरलेल्या होत्या, प्रत्येकीच्या कठड्यावर लाल रंगात नंबर. वर्षातून चार वेळा आमचा माणूस जायचा, वजन बांधलेली टेप आत सोडायचा, पाणी किती खोल आहे ते मोजायचा आणि वहीत लिहायचा. त्या वहीला कागदोपत्री क्षेत्रवही म्हणतात, आम्ही सगळे फील्डबुकच म्हणायचो. आता विहीर कोरडी निघाली तर पातळीचा रकाना रिकामा राहणार. आणि रिकामा रकाना दिसला की वरून मेमो यायचा, नोंद का घेतली नाही म्हणून.

म्हणून फार पूर्वीच्या कुठल्याशा साहेबांनी तोंडी तोडगा काढून ठेवला होता. विहीर कोरडी असेल तर जवळच्या दुसऱ्या विहिरीत टेप सोडायची, तिथली पातळी लिहायची, आणि शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात खरं काय ते नोंदवायचं. म्हणजे रकानाही भरला आणि खोटंही बोललो नाही. सगळे निरीक्षक असंच करायचे, आणि नव्याला जुना शिकवायचा. मला तेव्हा हा मोठा हुशारीचा मामला वाटला होता. आता त्या साहेबांचं नाव कळलं तर मी त्यांच्या घरी जाऊन भांडेन.

नवीन कॉम्प्युटर आले होते आणि वह्यांतले आकडे त्यात भरायचं काम माझ्याकडे होतं. पातळीची चौकट भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. शेऱ्याचीही चौकट होती, पण ती रिकामी ठेवली तरी चालायचं. पहिले दोन-तीन दिवस मी शेरेही टाइप केले. मग लक्षात आलं की शेऱ्यांपायी दिवसाची ठरवून दिलेली पानं होत नाहीत. मराठी टायपिंग तेव्हा कटकटीचं होतं, जोडाक्षर आलं की फाँट अडून बसायचा. मी मोठ्या बाबूंना, आमच्या हेडक्लार्कना, विचारलं. ते म्हणाले, "शेरे कोण वाचतंय? आकडे घाल." मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पानं भराभर संपायला लागली, आणि साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर माझा हात चांगला चालतो असंही म्हटलं.

वैजापूर तालुक्याच्या वह्या ज्यांच्या असायच्या त्यांना सगळे काका म्हणत. ठेंगणे, उन्हानं रापलेले, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत टेप. इतर निरीक्षक वही टेबलावर आपटून चहाला जायचे. काका खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि पहिली दोन पानं माझ्याकडून वाचून घ्यायचे. "फुटाचं मीटर करू नगं पोरी, म्या आधीच केलंय," हे दर वेळी सांगायचे. मला त्यांचा कंटाळा यायचा. त्यांचं अक्षर मात्र छापल्यासारखं होतं, आणि त्यांचे शेरे लांबलचक असायचे. दुसरे लोक विहीर कोरडी एवढ्यासाठी 'वि. को.' लिहून मोकळे व्हायचे, काकांना मात्र झाडापासून गुराढोरांपर्यंत सगळं सांगायचं असायचं. मी त्यांना ती दोन पानं वाचून दाखवायचे आणि ते उठून गेले की फक्त आकडे घालायचे.

ही गोष्ट सोळा-सतरा वर्षांपूर्वीची. त्या वर्षी उन्हाळा वाईट होता. वैजापूर तालुक्यातल्या एका गावानं टँकर मागितला होता. गावाचं नाव लिहीत नाही. टंचाईच्या यादीत कुठलं गाव घ्यायचं हे ठरवताना आमच्याकडून पाण्याची पातळी मागवली जायची. कागद मीच छापून दिला. त्या गावापुढं सहा मीटर वीस असा आकडा होता. मे महिन्यात सहा मीटरवर पाणी म्हणजे आमच्याकडे चैनच झाली. गाव यादीतून वगळलं गेलं.

तो आकडा खरा होता, फक्त त्या विहिरीचा नव्हता. गावाच्या खालच्या अंगाला, पाझर तलावाच्या पायथ्याशी एका मोठ्या शेतकऱ्याची विहीर होती, तिचा होता. तिच्यावर मोटार होती, भोवती तारेचं कुंपण होतं आणि गावाला तिथं हंडा लावू देत नसत. गावाची स्वतःची विहीर तळापर्यंत आटलेली होती. तळाशी एका कपारीत थोडा झिरा होता, आणि बायका आळीपाळीनं खाली उतरून वाटीनं पाणी भरायच्या. मे संपता संपता एका सकाळी वरचा दगड सुटला आणि खाली उतरलेली एक बाई गेली. तिशीतली होती. एवढंच मला माहीत आहे. याहून जास्त कळू नये म्हणून मी पुढं कधी चौकशीही केली नाही.

मग सगळं हललं. तलाठ्यानं पंचनामा केला, विहीर कोरडी. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली. टंचाईची यादी ठरवणाऱ्यांकडून विचारणा झाली की विहीर कोरडी असताना तुमच्या कागदावर सहा मीटर वीस आलं कुठून. साहेबांना उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर म्हणून एक माणूस पुरेसा होता.

त्यांनी काकांना आमच्याच खोलीत उभं केलं. काका म्हणाले, "शेऱ्यात लिवलंय साहेब. इहीर कोरडी हाय, पातळी शेजारच्या इहिरीची हाय, सोताच्या हातानं लिवलंय."

"दाखवा."

दाखवणार कुठून? टाइप झालेल्या वह्या लगेच मागच्या गोदामात जायच्या, आणि गोदामवाल्यानं शोधाशोध करून हात झटकले होते. साहेबांनी माझा कॉम्प्युटर स्वतःकडे वळवला. शेऱ्याची चौकट रिकामी. साहेबांनी तिच्यावर बोट ठेवून विचारलं, "इथं कुठाय?"

ती चौकट मी रिकामी ठेवली होती. मी चार फुटांवर बसले होते. शेरे टाइपच होत नाहीत, एवढं एक वाक्य बोलायचं होतं मला. माझ्या मुदतवाढीची फाइल त्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होती आणि घरात तेव्हा माझी एकटीचीच नोकरी होती. हे कारण आहे, सबब नाही, हे मला कळतं. साहेबांनी कॉम्प्युटर परत माझ्याकडे वळवला आणि मी मान खाली घालून टाइप करत राहिले. लोक सांगतात, अशा वेळी शब्द फुटत नाही. माझं तसं काही झालं नव्हतं. मला चांगलं बोलता येत होतं. मी मूग गिळून बसले.

काकांच्या सेवापुस्तकात नोंद झाली, की प्रत्यक्ष स्थळी न जाता काल्पनिक नोंदी घेतल्या. ऑक्टोबरच्या मोजणीला ते नेहमीप्रमाणे त्या गावात गेले, तेव्हा लोकांनी त्यांच्या हातातली टेप हिसकावून विहिरीत फेकून दिली. त्यांना मारलं नाही, हे ते नंतर दोनदा सांगत होते, जणू त्यात गावाचा मोठेपणा होता. मग त्यांना आवक-जावक विभागात बसवलं. वीसेक वर्षं विहिरी मोजलेला माणूस पाकिटांवर शिक्के मारत बसला, तो निवृत्त होईपर्यंत. माझी मुदतवाढ झाली. पुढं परीक्षा देऊन मी कायम झाले, आणि आता ती खोली माझ्या ताब्यात आहे. कॅरिडॉरमध्ये काका दिसले की मी फोन कानाला लावायचे.

गेल्या वर्षी आदेश आला. आमच्या कार्यालयातला डेटा वेगळा आणि वरच्या कार्यालयातला वेगळा, दोन्ही एकाच नव्या पोर्टलवर जाणार, तर त्याआधी मूळ क्षेत्रीय अभिलेख पाहून तफावत दूर करावी. दोन्हींचा उगम एकच, त्याच वह्या. आमच्याकडे वह्यांवरून भरलं जायचं. वर मात्र दर मोजणीनंतर पोस्टानं एक प्रत जायची, आणि तिथं कुणीतरी ती बसून भरायचं. इतकी वर्षं दोन्ही डेटा शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नव्हते.

यादी निघाली ती बघून आमच्या नव्या मुलांचे चेहरे पडले. मला त्यातली अर्धी कारणं बघताच कळत होती. कुणी कठड्याच्या वरून मोजलं होतं आणि कठड्याची उंची वजा केली नव्हती. कुणी फूट लिहिले ते मीटर म्हणून भरले गेले होते, त्यामुळे गंगापूरकडची एक विहीर पाताळात पोचली होती. एकाच नंबरच्या दोन विहिरी होत्या, आणि गाव रस्त्यात गेल्यानं बुजवलेली एक विहीर पुढची सहा वर्षं नियमित पाणी देत होती. मुलं हसत होती, मीही हसत होते. यादीत खाली वैजापूरची ती विहीर होती. आमच्याकडे सहा मीटर वीस, वरच्यांकडे 'कोरडी'. वर ज्या कुणी ते भरलं त्यानं शेरा वाचला होता आणि आकडा घातला नव्हता. म्हणजे सोळा-सतरा वर्षं खरं उत्तर एका कॉम्प्युटरमध्ये बसून होतं, फक्त तो आमचा नव्हता. मी ती ओळ रोज उद्यावर ढकलायचे. बाकी सगळ्या संपल्या तेव्हा ती एकटीच उरली.

गोदाम म्हणजे इमारतीमागची पत्र्याची शेड. एप्रिलात तिथं अर्धा तास बसलं की साडी पाठीला चिकटते. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वर तालुक्यांची नावं, आतमध्ये काहीही. कसर आणि वाळवीनं निम्म्याचा भुगा केलेला. मी चार दिवस दुपारचा डबा तिथंच खाल्ला. सापडू नये असंही मला वाटत होतं, हे इथं लिहिलंच पाहिजे. वाळवीनं खाल्लं असतं तर 'मूळ अभिलेख उपलब्ध नाही' असं लिहून मी सुटले असते, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

वही कन्नडच्या गठ्ठ्यात निघाली. पहिल्या पानावर जिल्हा औरंगाबाद, तालुका वैजापूर, आणि ते छापल्यासारखं अक्षर. पान काढलं. पातळी सहा मीटर वीस. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जागा पुरली नाही म्हणून समासात वळवून, चार ओळी: 'मूळ विहीर तळापर्यंत कोरडी. ही पातळी तलावाखालील खाजगी विहिरीची आहे. गावास पिण्याचे पाणी नाही, बायका विहिरीत उतरून भरतात, दगड सैल आहेत. तातडीने कळवावे.'

मी तिथंच एका गठ्ठ्यावर बसले. रडले वगैरे नाही. त्या चार ओळी परत एकदा वाचल्या. त्या माणसानं त्या बाईच्या मरणाच्या आधी आम्हाला लिहून कळवलं होतं. दगडांसकट कळवलं होतं.

पोर्टलवर तफावत दुरुस्त करायची तर कारण निवडावं लागतं. यादी उघडते: क्षेत्रीय निरीक्षकाची त्रुटी, उपकरणातील दोष, विहीर बदलली, इतर. टायपिंग करणाऱ्याची चूक असा पर्याय नाही. असणार कसा, यादी करणारे आमच्यासारखेच. सध्याचे साहेब तरुण आहेत, माणूस वाईट नाही. त्यांना मी वही दाखवली. त्यांनी शेरा वाचला, वही मिटली आणि म्हणाले, "मॅडम, पहिला पर्याय टाका आणि बंद करा. ते रिटायर झालेत, त्यांना आता काय फरक पडतो?"

मी म्हणाले, "फरक पडतो की नाही हे त्यांना विचारून येते." आवाज चढला होता माझा. शेजारच्या खोलीतल्यांनी माना वळवल्या. चिडायचा अधिकार मला सगळ्यात कमी होता, पण राग असं काही पाहत नाही.

सेवापुस्तकातली नोंद काढायला काय लागतं ते आस्थापना शाखेत विचारलं. संबंधित कर्मचाऱ्याचा विनंती अर्ज. मी तो स्वतःच टाइप केला, पानाची झेरॉक्स जोडली आणि शनिवारी काकांच्या घरी, गारखेड्याला गेले. पत्ता पेन्शनच्या कागदावरून घेतला होता. दोन खोल्यांचं घर, बाहेर कुंडीत तुळस आणि एक जुनी मोपेड. मुलगा शेंद्र्याला कंपनीत, पहिल्या पाळीला गेलेला. सुनेनं दार उघडलं. मी कुठून आले ते सांगितल्यावर तिचा चेहरा कसनुसा झाला. त्या घरात आमच्या कार्यालयातून कधी काही चांगलं आलेलं नसावं.

काका खाटेवर बसले होते. काचबिंदूनं दृष्टी गेली होती, उजेड-अंधार तेवढा कळायचा.

"कोन हाय?"

"मी, काका. नोंदींच्या खोलीतली."

"टायपिंगवाली?"

"हो."

"बस. खुर्ची हाय का तिथं? बस."

मी सांगितलं की वही सापडली. मी झेरॉक्स काढली आणि शेरा वाचून दाखवला, चारी ओळी. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मी पुन्हा वाचला.

"म्हंजे म्या लिवलं व्हतं," ते म्हणाले.

"हो काका. स्वच्छ लिहिलं होतं."

"लिवलं व्हतं," ते परत म्हणाले. "मलाच वाटाया लागलं व्हतं, आपुन लिवलंच नसंल. इतकी वरसं समदे एकच म्हनत व्हते. घरात, हापिसात, त्या गावात तर इचारू नगं. शेवटी शेवटी मीबी म्हनाया लागलो, आपुन त्या दिशी गेलोच नसंन. नुसतं वाटतंय गेलो म्हून. त्या बाईच्या नावानं लई रात्री बसून काढल्या म्या."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

मला त्या क्षणी उठून पळून जावंसं वाटलं. आत्तापर्यंत मला माहीत होतं की मी त्यांची नोकरी नासवली, नाव नासवलं. त्यांची स्वतःवरची खात्रीही मी नेली होती, हे मला त्या खुर्चीत बसेपर्यंत माहीत नव्हतं. मी घाईघाईनं दुसरा कागद काढला. कागद दिसला की मला धीर येतो, सरकारी नोकरीनं लावलेली सवय आहे ती.

"काका, सेवापुस्तकातली नोंद काढता येते. हा अर्ज आणलाय, फक्त सही करायची. नाहीतर अंगठा."

"वाच."

मी वाचायला लागले. 'तरी आपणास नम्र विनंती की' इथं त्यांनी हात वर केला.

"इनंती म्या करायची?"

"तसा नियम आहे, काका."

"म्या काय केलं म्हून इनंती करू? म्या तर तवाच लिवून दिलं व्हतं." आवाज वाढला नव्हता, पण पूर्वी वही वाचून घेताना असायचा तसा चोख झाला होता. "ज्येला ठावं व्हतं त्येनं लिवून द्यावं. म्या सही करनार नाय."

"टायपिंगमध्ये शेरा राहून गेला होता," मी म्हणाले.

"टायपिंगला तू व्हतीस."

"हो."

"आन् साहेबानं मला हुबं केलं तवा खोलीतबी व्हतीस."

"हो."

"ठावं हाय. तवा डोळं चांगलं व्हतं माझं. समदा येळ तुझ्याकडंच बघत व्हतो म्या. म्हनलं, ही पोरगी आता बोलंल."

मान खाली घातली होती ती अजून तशीच होती, असं मला वाटलं. लाज वाटली, आणि लाज हा शब्द मी आजवर किती स्वस्तात वापरत आले तेही कळलं. ते माझ्याकडे बघत असतील हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, कारण मी वर पाहिलंच नव्हतं.

पर्समध्ये कोरा कागद होता. मी तो गुडघ्यावर फाइल ठेवून लिहायला घेतला. लिहिते आहे असं त्यांना सांगितलं. ते वाट पाहत बसले. माझं लिहून झालं आणि मी वाचून दाखवलं: सदर विहिरीच्या मे महिन्याच्या नोंदीतील शेरा माझ्याकडून अनवधानाने टाइप करावयाचा राहून गेला, व चौकशीच्या वेळी ही बाब माहीत असूनही मी निदर्शनास आणून दिली नाही. निरीक्षकांचा यात कोणताही दोष नाही.

"अनवधानानं?" काकांनी विचारलं.

"असंच लिहितात, काका."

"कसं लिवत्यात ते नगं सांगू. आवक-जावकला धा वरसं काढलीत म्या. समद्या हापिसाचं अनवधान माझ्याच हातानं पाकिटात गेलंय." ते थोडे पुढं झुकले. "तुझं ध्यान नव्हतं का?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. नवऱ्याला मी ही गोष्ट सांगितली होती ती चूक म्हणून, आठवड्याला ढीगभर पानं असायची त्यातली एक चूक म्हणून. गोदामात बसूनही मी स्वतःला तेच सांगितलं होतं. आणि वही उघडली त्या क्षणापासून मला माहीत होतं की तसं नव्हतं. ते पान मला आठवत होतं. समासात वळवलेल्या त्या ओळी वाचायला मान तिरकी करावी लागली होती.

"होतं," मी म्हणाले. "मी वाचला होता तो शेरा. पूर्ण वाचला होता. केवढं लिहून ठेवतात हे, असं मनात म्हटलं आणि पुढचं पान घेतलं."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता.

"दगडाचं बी वाचलं व्हतंस?"

"हो."

त्यांनी मान हलवली, हळूच, दोन-तीनदा. राग आला असता तर मला सोसलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी पातळी परत मोजून तीच आली की माणूस जशी मान हलवतो, तशी त्यांनी ती हलवली.

"मग त्यो शबुद काढ," ते म्हणाले.

मी 'अनवधानाने' खोडलं. 'राहून गेला'सुद्धा खोडलं, कारण तेही खरं नव्हतं, आणि वर लिहिलं, 'शेरा मी वाचला होता व टाइप केला नाही.' मग त्यांना ते वाचून दाखवलं.

"आता खाली नाव लिव," ते म्हणाले. "पुरं लिव."

मी लिहिलं.